गर्दी, रांग आणि मागचा माणूस

गणपतीच्या दिवसांत दिवा-रोहा गाडीत कासूला चढायचं म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगायला नको. दारातला म्हणतो, ‘जागा नाही.’ खालचा म्हणतो, ‘आत सरका की!’ दोघंही खोटं बोलत नसतात. खालच्याला आतलं दिसतच नाही.

गुस्ताव्ह ल बाँ यांनी 1895 मध्ये लिहिलं, की गर्दीत माणसाची विवेकबुद्धी लोपते. विल्यम पॉवर्स यांनी 1973 च्या पुस्तकात निराळी वाट धरली. फ्रिज जसा आतलं तापमान राखतो, तसा माणूस स्वतःला जाणवणारी स्थिती राखत असतो. पुढे मॅकफेल आणि टकर यांच्यासोबत त्यांनी संगणकावर गर्दी उभी केली. प्रत्येकाला कामं दोनच: मुक्कामाकडे जायचं, आणि इतरांपासून अंतर ठेवायचं. तेवढ्यावर माणसांची कडी आपोआप तयार झाली. समूहाचं वेगळं मन मानायची गरजच उरली नाही. हे या सिद्धांताचं मोठं श्रेय, आणि ते मला मान्य आहे.

माझे आक्षेप दोन आहेत.

पहिला असा. नियंत्रणाला हालचालीपुरती जागा लागते आणि वेळेवर खबर लागते. 29 सप्टेंबर 2017 ला एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर दोन्ही नव्हत्या. पाऊस होता म्हणून पुढचे लोक जिन्यावर थांबले, आणि मागून गाड्यांमधली माणसं येतच राहिली. 23 जीव गेले. खांद्याला खांदा घट्ट लागला, की माणूस काहीच राखू शकत नाही. तो नुसता ढकलला जातो. तिथे हा सिद्धांत संपतो, आणि नेमके तिथेच जीव जातात.

दुसरा आक्षेप: राखायचं काय, हे ठरवणार कोण? रांगेचं गणित करणारा प्रतीक्षेला तोटा समजतो. पण पंढरपुरात मुखदर्शनाची सोय असताना माणूस पदस्पर्शासाठी तासन्‌तास बारीत उभा राहतो. त्याचं उद्दिष्ट वेळ वाचवणं हे नाहीच. त्याला घाई नाही. आपला नंबर कोणी मारू नये, एवढीच त्याची अपेक्षा असते. त्याची रांग नुसती पळवली, तर तुम्ही त्याचा प्रश्न सोडवलेला नसतो.

म्हणून दुर्घटना झाली, की ‘लोकांना शिस्त नाही’ म्हणून मोकळं होऊ नका. आधी विचारा: पुढे वाट बंद झाली आहे, हे मागच्याला कळावं कसं? ती सोय कोणी करायची होती? हा प्रश्न विचारायला शिकवतो, एवढ्यासाठी तरी हा सिद्धांत वाचावा.