एकोणीस जूनचा हुकूम आणि माझी शिट्टी

आमच्या वस्तीच्या अभ्यासवर्गात मे महिन्यात पोरांनी एक ठराव आणला. अमेरिकेतल्या काळ्या माणसांचा गुलामी सुटल्याचा सण १९ जूनला असतो. जून आणि नाइन्टीन्थ हे दोन शब्द एकात घुसळून ते त्याला जूनटीन्थ म्हणतात. आपण १९७२ साली पँथरचं नाव त्यांच्याकडून घेतलं, तर हा सणही आपल्या विहारात घ्यायचा. भिंतीवर मूठ रंगवायची, गाणी लावायची, लहान पोरांना लाल सरबत द्यायचं. मी लगेच हो म्हणून मोकळा झालो. चळवळीतल्या माणसाला सणाला नाही म्हणता येत नाही, हा आपला जुना आजार.

पण ज्या कागदावर हा सण उभा आहे तो कागद आधी वाचू, असंही मीच बोललो. आणि तिथंच माझी झोप उडाली.

तो कागद म्हणजे एक लष्करी हुकूम. सामान्य हुकूम क्रमांक ३. लिंकनचा गुलाममुक्तीचा जाहीरनामा १ जानेवारी १८६३ चा. टेक्सासात त्याचा अंमल व्हायला १९ जून १८६५ उजाडला. त्या दिवशी जनरल गॉर्डन ग्रेंजरनं गॅल्व्हेस्टन बंदरात हा हुकूम काढला. अडीच लाखांच्या आसपास गुलाम तेव्हा त्या राज्यात होते. सांगताना लोक असं सांगतात की बातमी पोचायलाच अडीच वर्षं लागली. बातमीला काय पाय नव्हते? मालकांना माहीत होतं, वर्तमानपत्रांत छापून आलं होतं, गुलामांच्या झोपड्यांतही कुजबुज होती. नव्हती ती अंमल करायला लावणारी फौज. हुकमानंतरसुद्धा पीक घरात येईपर्यंत तोंड शिवून बसलेले मालक होतेच. हे आपल्याला कोणी फोड करून सांगायला नको. पाणवठे खुले करायचा बोले ठराव १९२३ चा, महाडच्या नगरपालिकेनं तो मान्य केला १९२४ साली, आणि चवदार तळ्याच्या पाण्याला आपला हात लागला २० मार्च १९२७ ला. कागद आणि ओंजळ यांच्यामधलं अंतर आपण मोजलेलं आहे.

आता प्रस्थापित समीक्षक म्हणतील, हुकमाची कसली समीक्षा करता? समीक्षा कवितेची करतात. बरोबर आहे, त्यांचं आयुष्य कवितेनं ठरत असेल. ज्यांचं आयुष्य सातबारा, दाखला आणि नोटिशीनं ठरतं त्यांनी आधी कागदच वाचायला शिकलं पाहिजे.

हुकूम चारच वाक्यांचा आहे. पहिल्या वाक्यात टेक्सासच्या लोकांना कळवलंय की सगळे गुलाम मुक्त आहेत. थांबा इथं. कळवलंय कोणाला? लोकांना. मुक्त कोण झालं? गुलाम. म्हणजे ज्या वाक्यात माणूस सुटला त्याच वाक्यात तो लोकांत धरलेला नाही. त्याच्याविषयी दुसऱ्याच कोणाला तरी सांगितलं जातंय. दुसरं वाक्य मोठं झकास आहे. माजी मालक आणि माजी गुलाम यांच्यात व्यक्तीच्या आणि मालमत्तेच्या हक्कांची संपूर्ण समता. टाळ्या वाजवाव्यात असं. पण वाक्य तिथं संपत नाही. पुढं म्हणतं, आता त्यांचं नातं मालक आणि मजुराचं. मालक शब्द गेला नाही, नुसती कूस बदलली. तिसरं वाक्य सल्ला देतं की मुक्त झालेल्यांनी मुकाट्यानं आहे त्या घरी राहावं आणि मजुरीवर काम करावं. आहे ते घर कोणाचं? मालकाच्या रानातली खोपटी ती! आणि चौथं तर कळसच. लष्करी ठाण्यांवर गोळा व्हायचं नाही, आणि रिकामं बसलात तर तिथं काय किंवा कुठंच काय, कोणी पोसणार नाही.

अडीचशे वर्षं ज्यांनी दुसऱ्याला बसवून खाऊ घातलं त्यांना सुटकेच्या पहिल्याच दिवशी सांगतात, ऐतखाऊ होऊ नका. साला, सरकारचे जावई ही शिवी आपल्यासाठीच घडवली असं मला वाटायचं. तिचा सख्खा भाऊ गॅल्व्हेस्टनला भेटला.

आणखी एक. साऱ्या हुकमात 'मी' नाही, 'आम्ही' नाही. कळवण्यात येते, सल्ला देण्यात येतो, परवानगी मिळणार नाही. तलाठ्याच्या नोटिशीची भाषा. माणूस या भाषेत फक्त ऐकतो.

असल्या कागदावर लोकांनी सण कसा उभा केला, हे बघितलं तेव्हा मात्र मी टोपी काढली. त्यांनी चारातलं एक वाक्य घेतलं, बाकीची झिडकारली. मुकाट्यानं राहा म्हटलं होतं, हजारो निघाले. कशासाठी? विकलेली बायको, विकलेली लेकरं, विकलेली आई शोधायला. हरवलेल्या माणसांच्या जाहिराती त्यांच्या वर्तमानपत्रांत पुढं कित्येक वर्षं येत राहिल्या. म्हणून १८६६ पासून या सणाला सगळं कुटुंब एका ठिकाणी जेवायला बसतं, त्याला मी सहल म्हणणार नाही. ज्यांचं कुटुंब लिलावात पांगवलं त्यांनी एका पंगतीला बसणं हाच त्या सणाचा विधी. आपल्यातले काही कडवे दोस्त नाक मुरडतात, की भाजलेलं मांस, कलिंगड, लाल सरबत, पोरांच्या शर्यती, यात क्रांती कुठाय? दोस्तहो, आईच्या शेजारी बसून खाणं ही ज्याला बंदी होती त्यालाच विचारा.

गोळा व्हायचं नाही म्हटलं होतं; ते गोळा झाले. सार्वजनिक बागांत काळ्यांना जागा मिळेना, तर १८७२ साली ह्यूस्टनमध्ये जॅक येट्स या पूर्वी गुलाम असलेल्या पाद्र्यानं आणि त्याच्या साथीदारांनी पैसे जमवून दहा एकर जमीन विकत घेतली, खास या सणासाठी. तिचं नाव इमॅन्सिपेशन पार्क. ती आजही आहे. त्याच्या दुसऱ्याच वर्षी, १८७३ साली, जोतीरावांनी 'गुलामगिरी' छापली आणि अमेरिकेत गुलामगिरी मोडणाऱ्या सदाचारी लोकांना ती अर्पण केली. पुण्याच्या माळ्याला सातासमुद्रापलीकडची ती लढाई आपली वाटली. मला एवढंच वाटतं की अर्पणपत्रिकेच्या मानकऱ्यांत ती जमीन घेणारे हातही धरले पाहिजेत. नुसते सोडणारे नव्हेत, सुटणारेही.

कपड्यांचंही तेच. मालकानं दिलेल्या चिंध्या नदीत फेकून लोक नवे कपडे घालून सणाला आले, अशी सांगी तिकडं आहे. आपल्याकडं डिसेंबर १९२७ ला महाडात बाबासाहेबांचं भाषण ऐकून बायांनी लुगडं नेसायची रीत बदलली. १९५६ ला नागपुरात पांढऱ्या कपड्यांचा समुद्र झाला. कापड दिसायला साधी गोष्ट, पण गुलामाला पहिली ओळख त्याच्या कपड्यानंच देतात.

पण सण झाला म्हणून हुकमाची उरलेली वाक्यं मेली नाहीत. गुलामी बंद करणारी तेरावी घटनादुरुस्ती मंजूर झाली १८६५ च्या डिसेंबरात, तारीख ६. (तारीख वाचून मीही क्षणभर थांबलो.) तिच्यात एक फट ठेवली, गुन्ह्याची शिक्षा म्हणून असेल तर सक्तीची मजुरी चालेल. मग काय, भटकला म्हणून धर, तुरुंगात टाक आणि उसाच्या मळ्यावर भाड्यानं दे. २०१८ साली टेक्सासात शुगर लँड गावी शाळेचं बांधकाम करताना अशा कैद्यांच्या ९५ कबरी उघड्या पडल्या. १९ जून १९३९ ला फोर्ट वर्थमध्ये गोऱ्या जमावानं एका काळ्या कुटुंबाचं घर फोडून जाळलं. तारीख बघून आले असतील का? त्या घरातली बारा वर्षांची मुलगी म्हणजे ओपल ली. टेक्सासनं १९७९ साली कायदा करून या सणाला सुट्टी दिली. आणि लगेच १९८१ च्या १९ जूनला मेक्सियाच्या तळ्याकाठी भरलेल्या जत्रेतून तीन काळी पोरं गांजाच्या आरोपावरून पकडली गेली. पोलिसांनी त्यांना होडीतून पलीकडं न्यायला घेतलं. होडी उलटली, पोरं बुडाली, पोलीस वाचले. खटल्यात सुटलेही. त्यानंतर त्या जागेची जत्रा पहिल्यासारखी भरली नाही. आपल्या सणात गणवेशवाला माणूस कुठं उभा आहे हे बघत जा, एवढं मी त्यातून शिकलो.

ओपल ली ८९ वर्षांच्या वयात, २०१६ साली, देशभर चालायला निघाल्या. दर ठिकाणी अडीच मैल, त्या अडीच वर्षांच्या उशिराची आठवण म्हणून. १७ जून २०२१ ला राष्ट्राध्यक्षांनी सही केली, साऱ्या देशाला सुट्टी मिळाली. लगेच दुकानदार जागे. पुढच्याच वर्षी एका बड्या दुकानसाखळीनं या सणाच्या नावाचं आइस्क्रीम काढलं. लोकांनी एवढी हजेरी घेतली की ते मागं घ्यावं लागलं. निळ्या झेंड्याच्या शुभेच्छा देणारे बिल्डर आपल्या चौकातही असतात, पण त्यांचा फलक मागं घ्यायला लावल्याचं मला आठवत नाही.

तिकडच्या जत्रांतली एक गोष्ट मात्र मला मनापासून आवडते. तिथल्या स्वयंसेवकांची टेबलं. कोणी मतदारयादीत नाव घालून देतो, कोणी रक्तदाब तपासतो. स्वयंसेवक म्हणजे गर्दी आवरणारा नव्हे, गर्दीच्या कामाला येणारा.

हे लिहिताना मला माझी शिट्टी आठवते.

मागच्या अशोक विजयादशमीला वस्तीत कार्यक्रम होता. मी स्वयंसेवक. छातीला बिल्ला, हातात दोरी, गळ्यात शिट्टी. स्टेजवर पाहुणे, खाली सतरंजीवर बाया-पोरं, मागं चुलीवर वस्तीतल्याच आठ-दहा बाया, ज्यांना स्टेज दिसतसुद्धा नव्हतं. माइकवरून बावीस प्रतिज्ञा वाचायला सुरुवात झाली. वाचणारा भराभर वाचत होता, पाहुण्यांना पुढं जायचं होतं. पहिल्या रांगेतली आमच्या आळीतली एक म्हातारी डोळे मिटून मोठ्यानं बोलत होती. माइकच्या पुढंमागं. वाचणारा पाचवीवर, तर ती तिसरीवर. स्टेजवरून एकानं माझ्याकडं बघितलं. मी शिट्टी फुंकली. जवळ जाऊन म्हणालो, "आजी, हळू. माइकवर चालू आहे ना."

म्हातारीनं डोळे उघडले. म्हणाली, "बाप्पा, मी बारा वर्साची होती. नागपुरात उभी राहून बोल्ली होती हे. तवा बाबासायब सांगे अन् आमी बोलत जाओ. आता हे बोलते अन् आमी आयकतो का?"

१४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी चंद्रमणी महास्थवीरांकडून दीक्षा घेतली आणि मग स्वतः लाखोंना दिली. हुकूम काढला नाही. कळवण्यात येते म्हटलं नाही. त्या प्रतिज्ञांचं व्याकरण बघा. मी मानणार नाही, मी करणार नाही, माझा विश्वास नाही. बोलणारा तोच सुटणारा. जगातला दुसरा कुठला मुक्तीचा मसुदा लाखो माणसांनी 'मी' म्हणून एका मैदानात उच्चारला असेल, तर मला कोणी दाखवावा. काळ्यांच्या हातात परक्याच्या व्याकरणाचा कागद पडला आणि त्यांनी त्यातून आपला सण कोरून काढला. आपल्याला कागदच आपल्या व्याकरणाचा मिळाला, आणि आम्ही माइक, मानपान अन् शिट्टी लावून त्याचा हुकूम करत आणलाय. यात मी आहे, म्हणून लिहितोय. दुसऱ्या कोणाचं नाव घ्यायला मला तोंड नाही.

१९ जूनला विहारात जमलो. मूठ रंगवली नाही. एका पोरानं हुकूम मराठीत करून आणला होता, एकेक वाक्य वाचायचं आणि थांबायचं असं ठरलं. स्टेज नव्हतं. स्वयंपाकाला या खेपेस पोरं होती, भात थोडा करपला. मी त्या आजींना मुद्दाम घेऊन आलो होतो. काळ्या माणसाचं काही त्यांना ठाऊक नव्हतं, पहिली दोन वाक्यं त्या नुसत्या मान हलवत होत्या. तिसरं वाचलं, मुकाट्यानं आहे त्या घरी राहा आणि मजुरीवर काम करा. आजी हसायला लागल्या.

"हे त आमच्या गावचा मालगुजार बी म्हने," त्या म्हणाल्या. "मंग, गेले का ते लोक तिथून?"