संप्रदान आणि संग्रह : सोनिया दलोने यांच्या एका पांघरुणाविषयी

1911 च्या जानेवारीत पॅरिसमध्ये चित्रकार सोनिया दलोने यांना पुत्र झाला. त्याच वर्षी त्यांनी कापडाचे तुकडे जोडून त्याच्यासाठी एक पांघरूण शिवले. सुमारे एक मीटर लांबीचे हे पांघरूण आज फ्रान्सच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात जतन केलेले आहे. अमूर्त कलेच्या इतिहासात त्याचा निर्देश आता आवर्जून होतो. परंतु तो ज्या दोन रीतींनी होतो, त्या दोन्ही तपासून पाहण्याजोग्या आहेत.

पहिल्या मतानुसार हे पांघरूण म्हणजे मातृत्वाच्या भरात, जणू अजाणता घडलेली कृती होय. या मताला खुद्द सोनियांच्या निवेदनाचा आधार मिळतो. रशियन शेतकऱ्यांच्या घरी पाहिलेल्या पांघरुणांसारखे एक पांघरूण आपण केले. ते पुरे झाल्यावर त्यातील तुकड्यांची रचना घनवादी वाटली, असे त्यांनी पुढे सांगितले. तथापि निवेदनातील विनय हा पुरावा नव्हे. युक्रेनमध्ये जन्मून सेंट पीटर्सबर्गला वाढलेल्या सोनियांनी कार्ल्सरूह येथे कलाशिक्षण घेतले होते, आणि 1909 मध्येच पानांच्या आकृतीचे एक भरतकामही केले होते. सुई हे त्यांच्या हाती चित्रकाराचेच साधन होते.

दुसरे मत या पांघरुणास अमूर्त कलेच्या आरंभबिंदूचा मान देते. येथे अतिव्याप्ती होते. त्रिकोण-चौकोन जोडून पांघरूण शिवणे ही अनेक समाजांतील जुनी रीत आहे. तेवढ्यावर नावीन्य ठरत असेल, तर गोधडी शिवणारी प्रत्येक स्त्री अमूर्तवादी ठरेल. या पांघरुणाचे वेगळेपण अन्यत्र आहे. त्यात ठरावीक नमुन्याची आवृत्ती नाही. फिकट, गडद, तांबूस, हिरवट तुकडे शेजारच्या रंगाशी असलेल्या विरोधातून उठाव घेतात. मराठीत ‘ठिगळ’ म्हटले की झाकलेले भोक गृहीत धरले जाते. येथील तुकडा काहीही झाकीत नाही. तो शेजाऱ्याच्या संबंधाने अर्थ पावतो, जसा वर्ण शब्दात पावतो.

परंतु दोन्ही मतांतून एक गोष्ट समान निसटते. ही वस्तू कोणाला तरी दिलेली होती. व्याकरणात दानक्रियेचा कर्ता ज्याला उद्देशून कर्म करतो, त्यास संप्रदान म्हणतात. पांघरूण कशाचे चित्र आहे, हा कर्माविषयीचा प्रश्न झाला. त्याचे उत्तर ‘कशाचेही नाही’ असे येते, आणि टीकाकार ‘अमूर्त’ म्हणून थांबतो. ते कोणासाठी आहे, या प्रश्नाचे उत्तर मात्र निश्चित आहे. निर्देश्य वस्तू नसतानाही उद्दिष्ट व्यक्ती असू शकते. अमूर्त कला माणसाकडे पाठ फिरविते, या प्रचलित आक्षेपास इतके साधे उत्तर क्वचितच मिळते. शिवाय ‘अमूर्त’ म्हणजे देहरहित. येथे तर शिवण, जाडी आणि ऊब ही रचनेचीच अंगे आहेत.

याच रंगविरोधाच्या रीतीने सोनियांनी 1913 मध्ये तुकड्यांचा पोशाख शिवला, आणि त्याच वर्षी ब्लेझ साँद्रार यांच्या दीर्घ कवितेसाठी सुमारे दोन मीटर लांबीच्या कागदावर रंगयोजना केली. 1964 मध्ये त्यांनी व पुत्र शार्ल यांनी मिळून, स्वतःच्या व पती रॉबेर यांच्या शंभरावर कृती राष्ट्रीय संग्रहालयास दिल्या. ज्यास एकदा दान मिळाले होते, तोच दाता झाला.

ही कृती ‘पाळण्याचे पांघरूण’ या नावाने ओळखली जाते. त्या नावात पाळण्याची षष्ठी उरली, बालकाची चतुर्थी गळाली. भिंतीवर टांगलेल्या वस्तूचा उपयोग संपणे अपरिहार्य असेल. परंतु ती कोणासाठी केली गेली, हे तिच्या अर्थाचाच भाग आहे. समीक्षेने तो चरित्रातील तपशील म्हणून बाजूस सारणे योग्य नव्हे.