रिकाम्या चौकाचे चित्रण

या त्रैमासिकाच्या पानांतून पुस्तकांची परीक्षणे नेमाने येत असतात. नाटकांची येतात, एके काळी भक्तिगीतांच्या ध्वनिफितींचीही येत. परंतु गेल्या काही वर्षांत आपल्या धर्मग्रामांतील कुटुंबांनी सर्वांत अधिक काय पाहिले असेल, तर ते थेट प्रक्षेपण. सणाची मिस्सा, गुरुदीक्षा, लग्न, अंत्यविधी, जे जे घडते ते त्याच क्षणी दूरच्या नातलगांना दिसावे म्हणून त्याचे चित्रण होते. त्याला कोणी कलाकृती म्हणत नाही, म्हणून त्याचे परीक्षणही कोणी करीत नाही. आम्ही आज तसे धाडस करीत आहोत. वाचकांनी ते गोड मानून घ्यावे.

थेट चित्रण म्हणजे खिडकी उघडून बाहेर पाहणे, असा आपला समज असतो. वस्तुतः त्या खिडकीमागे एक माणूस बसलेला असतो. त्याच्यासमोर लहान पडद्यांची रांग असते, प्रत्येक पडद्यावर एकेका कॅमेऱ्याला दिसणारे दृश्य. कानावरील यंत्रातून तो कॅमेरामनांशी हलक्या आवाजात बोलतो, एक कळ दाबतो आणि एका कॅमेऱ्याच्या माथ्यावर लाल दिवा लागतो. जगाला दिसते ते तेवढेच. उरलेले कॅमेरे जे पाहतात ते कोणालाही दिसत नाही. चित्रपटाच्या संकलकाला फेरविचाराला महिने मिळतात; याला श्वास घेण्याइतकी सवड. कुठे पाहायचे आणि कुठे पाहायचे नाही, हे तो क्षणोक्षणी ठरवीत असतो, आणि घरी बसलेले आपण त्याच्या डोळ्यांनी पाहतो.

हे आमच्या ध्यानी आले ते २७ मार्च २०२० च्या रात्री. टाळेबंदीचा तिसरा दिवस होता. मंदिराला आम्ही स्वतःच्या हातांनी कुलूप लावले होते आणि ते कुलूप लावतानाचा आवाज दोन दिवस कानांतून जात नव्हता. रोममध्ये संध्याकाळचे सहा वाजले होते, आपल्याकडे रात्रीचे साडेदहा. प्रार्थनाग्रंथांच्या चळतीला मोबाईल टेकवून आम्ही एकटेच पाहत बसलो. पोप फ्रान्सिस, जे २१ एप्रिल २०२५ रोजी प्रभुचरणी विलीन झाले, संत पेत्राच्या रिकाम्या चौकातून पावसात चालत येत होते.

त्या प्रार्थनेवर पुष्कळ लिहिले गेले. तिच्या चित्रणावर मात्र आमच्या वाचनात फारसे आले नाही. व्हॅटिकनच्या चित्रवाणी केंद्राची स्थापना १९८३ ची. त्या चौकाचे चित्रण करण्यात त्यांची हयात गेली. पण त्यांची सारी शैली गर्दीवर उभी होती. पोपमहोदय बोलत असतात, प्रवचन जरा लांबते, मग दिग्दर्शक गर्दीकडे वळतो: फडकणारा झेंडा, बापाच्या खांद्यावरचे मूल, डोळे टिपणारी एखादी वृद्धा. ऐकणाऱ्याचा चेहरा दाखविला की बोलणाऱ्याचे बोलणे हलके होते, ही या धंद्यातील जुनी युक्ती. त्या संध्याकाळी वळून पाहायला कोणी नव्हतेच. ऐकणारे सारे आपापल्या घरी कोंडलेले. दिग्दर्शकाच्या हातातील सर्वांत सोयीचे साधन काढून घेतले गेले होते, आणि आमच्या मते त्या चित्रणाचे मोठेपण तेथूनच सुरू होते.

त्याला थांबावे लागले. एक पांढरी आकृती किंचित लंगडत चढण चढते आहे आणि कॅमेरा तिला घाईने जवळ ओढत नाही. दूरच्या दृश्यात ती बोटाच्या नखाएवढी दिसते. भोवती ओली फरसबंदी आणि स्तंभांची ती प्रचंड कवळ. मग दृश्य जवळ येते ते क्रूसाच्या. सान मार्चेल्लोच्या मंदिरातील हा लाकडी क्रूस १५१९ च्या आगीतून वाचला होता आणि १५२२ च्या प्लेगात रोमच्या रस्त्यांतून फिरविला गेला होता. त्या रात्री तो उघड्यावर भिजत होता, आणि ख्रिस्ताच्या देहावरून पाणी ओघळताना दिसत होते. ते पाणी कोणी ओतले नव्हते, ते केवळ दाखविले गेले. शुभवर्तमान मार्कच्या चौथ्या अध्यायातील: तारवाच्या मागच्या भागात उशीवर डोके ठेवून निजलेला प्रभू आणि घाबरलेले शिष्य. वाचनाचे चित्र समोरच पडत असताना दिग्दर्शकाने त्यावर वेगळी मल्लिनाथी केली नाही, याबद्दल आम्ही त्याचे ऋणी आहोत.

प्रकाशाचेही तसेच. प्रार्थना सुरू झाली तेव्हा दिवस मावळत होता. संपली तेव्हा रात्र झाली होती. मधल्या तासाभरात आकाशाचा निळा रंग गडद होत गेला आणि चौकातील दिव्यांची प्रतिबिंबे दगडांवर उमटली. चित्रणगृहात असा प्रकाश पाडायला लाख रुपये लागतील. येथे तो काळाने पाडला आणि कॅमेऱ्यांनी वाट पाहिली. शेवटी पोपमहोदय परमपवित्र साक्रामेंत हाती घेऊन महामंदिराच्या दारात आले आणि त्यांनी जगावर क्रूसाची खूण केली. घंटा वाजत होत्या. त्यांत कुठूनसा सायरनचा आवाज मिसळला. ध्वनिव्यवस्थेवर बसलेल्या माणसाला तो दाबता आला असता की नाही, हा तांत्रिक प्रश्न जाणकारांवर सोडू. आम्हाला तो ऐकू आला, आणि त्या रात्री त्या आवाजाचा अर्थ कोणाला विचारावा लागला नाही.

दोष नव्हताच असे नाही. क्रूसाची काही समीपदृश्ये इतकी देखणी होती की क्षणभर आम्ही प्रार्थना विसरून चित्र पाहत राहिलो. मोठी तक्रार मात्र पुढे जे झाले त्याबद्दल आहे. काही दिवसांतच त्या प्रक्षेपणाचे दोन-तीन मिनिटांचे तुकडे व्हॉट्सॲपवरून फिरू लागले, खाली करुण वाद्यसंगीत घातलेले. आराधनेतील ती दीर्घ शांतता त्यात अर्थातच नव्हती. शांतता कापून टाकली आणि तिच्या जागी व्हायोलिन बसविले, की आपण काय वाटून घ्यायचे हे परस्पर ठरून जाते. आमच्याच धर्मग्रामातील कित्येकांनी ते तुकडेच पाहिले आणि आपण ती प्रार्थना पाहिली असे आजही सांगतात.

न दाखविण्याची ही विद्या जुनी आहे. २ जून १९५३ रोजी बीबीसीने राणी एलिझाबेथ दुसऱ्या यांचा राज्याभिषेक वेस्टमिन्स्टर ॲबीतून थेट दाखविला. ब्रिटनमध्ये सुमारे दोन कोटी लोकांनी तो पाहिला म्हणतात. परंतु तैलाभ्यंगाच्या क्षणी राणीवर चांदवा धरला गेला आणि कॅमेऱ्यांनी नजर दुसरीकडे वळविली. प्रभुभोजनही दाखविले गेले नाही. सत्तर वर्षांनी, ६ मे २०२३ रोजी, राजे चार्ल्स यांच्या वेळी तंत्र कुठच्या कुठे गेले होते, तरी तेलाच्या वेळी तीन बाजूंनी पडदे उभे राहिलेच. आपल्याकडील उदाहरण घ्यायचे तर ७ मे २०२५ रोजी सिस्तीन चॅपेलचा दरवाजा कॅमेऱ्याच्या तोंडावर बंद झाला. आणि पुढे जगाने तासन्‌तास काय पाहिले, तर एक धुराडे आणि त्याशेजारचे समुद्रपक्षी. त्या कंटाळ्याइतके जिवंत चित्रण आम्ही क्वचित पाहिले आहे.

आता आमच्या अंगणात येऊ. येथे आम्हाला दुसऱ्यांना नावे ठेवण्याचा फारसा अधिकार नाही. टाळेबंदीत एका तरुणाने मोबाईलवरून मिस्सेचे प्रक्षेपण सुरू केले. पुढे हौस वाढली. सणाला व्यावसायिक मंडळी आली, तीन कॅमेरे, ड्रोन, दाराशी एलईडीचा पडदा. उत्थापनाच्या क्षणी एक कॅमेरामन वेदीच्या पायरीवर चढला आणि आम्ही त्याला हटकले नाही. खरे सांगायचे तर आम्ही स्वतःच प्रवचनात बाकांकडे पाहण्याऐवजी लाल दिव्याकडे पाहू लागलो होतो. दुरून फोन यायचे, “फादर, प्रवचन छान दिसलं.” ‘दिसलं’ हा शब्द आम्हाला तेव्हा खटकला नाही.

२०२१ मध्ये एक अंत्यविधी झाला. नियमाने वीसच माणसे. मृताचा मुलगा आखातात अडकलेला, त्याच्यासाठी दोन कॅमेरे लावले होते. चित्रण करणाऱ्याने मृताच्या पत्नीचा चेहरा जवळ घेतला आणि पुष्कळ वेळ तो तसाच ठेवला. त्याचा हेतू वाईट नव्हता. लग्नात वधूच्या पाठवणीला तो हेच करीत आला होता. महिन्याभराने मुलगा भेटायला आला. म्हणाला, “फादर, आईला असं रडताना मी कधी पाहिलं नव्हतं. आणि माझ्याबरोबर आणखी चारशे लोकांनी पाहिलं. तिला पदर पुढे घ्यायलाही कोणी सुचवलं नाही.” आम्ही त्या वेळी तिच्यापासून चार पावलांवर उभे होतो.

१९४८ च्या नाताळरात्री पॅरिसच्या नोत्र दाममधून मिस्सा दूरचित्रवाणीवर दाखविली गेली, तेव्हापासून हा वाद ख्रिस्तसभेत चालू आहे. कार्ल राहनर यांच्यासारख्या थोर ईशज्ञान्याने १९५३ मध्ये मिस्सेच्या दूरचित्रणालाच हरकत घेतली. पवित्र रहस्य वाटेल त्याच्या नजरेसमोर मांडण्याची वस्तू नव्हे, अशी त्यांची भूमिका होती. आरंभीच्या ख्रिस्तसभेत दीक्षार्थींना देखील अर्पणविधीपूर्वी बाहेर पाठवीत, हे आपण विसरलो आहोत. पोप पायस बारावे यांनी १९५७ च्या आपल्या पत्रात प्रक्षेपणाचे स्वागत केले; मात्र पडद्यावर मिस्सा पाहणे म्हणजे तिला प्रत्यक्ष हजर राहणे नव्हे, असे बजावलेही. त्यांनीच १९५८ मध्ये संत क्लारेला दूरचित्रवाणीची आश्रयदाती संत म्हणून घोषित केले. ती नाताळरात्री आजारी होती, इतर भगिनी मंदिरात गेल्या होत्या, आणि अंथरुणावरूनच तिला ती उपासना दिसली व ऐकू आली अशी आख्यायिका आहे. आख्यायिकेतील क्लारा खाटेला खिळलेली आहे, हे आम्हाला महत्त्वाचे वाटते. राहनर यांचा युक्तिवाद आम्हाला बुद्धीने पटतो. पण त्यांना आमच्या धर्मग्रामातील खाटा मोजायच्या नव्हत्या.

अंत्यविधीच्या त्या प्रकारानंतर प्रक्षेपण बंदच करावे असे आम्ही ठरविले होते. धर्मग्राम परिषदेत तसे बोललोही. त्याच आठवड्यात एका वृद्ध बाईंकडे ख्रिस्तप्रसाद घेऊन गेलो. मांडीचे हाड मोडल्यापासून त्या घराबाहेर पडलेल्या नाहीत. सणाचे चित्रण कसे वाटले, असे आम्ही विचारले. म्हणाल्या, “फादर, वेदी मला पाठ आहे. तिच्यावरची फुलं चार-चारदा दाखवली. वरून कौलंही दाखवली. पण देवळात कोण आलं होतं ते काही कळलं नाही.”

आता एकच कॅमेरा आहे. तो वर गायनमंडळाच्या सज्जात तिकाटण्यावर बसविलेला असतो आणि मिस्सा संपेपर्यंत हलत नाही. जवळचे दृश्य नाही, ड्रोन नाही. चित्रण म्हणून ते सुमारच. त्यात बहुतेक लोकांच्या पाठीच दिसतात, आणि आमचे प्रवचन दुरून पुटपुटल्यासारखे ऐकू येते. प्रभुभोजनाची रांग पुढे सरकते, परत फिरते, बस्स. बाईंना पाठींवरून माणसे ओळखता येतात. कोणाची सून आली, कोणाचा खांदा वाकला, कोण तीन रविवार दिसले नाही, हे त्या आम्हाला सांगतात आणि आम्ही चौकशीला जातो.

गेल्या महिन्यात त्यांनी एकच तक्रार केली. डाव्या रांगेतील तिसऱ्या बाकाचे टोक खांबाआड जाते. त्या जागी त्या चाळीस वर्षे बसत. तेथे आता कोण बसते हे त्यांना पाहायचे होते. आम्ही कॅमेरा सांभाळणाऱ्या मुलाला सांगितले. त्याने तिकाटणे वीतभर उजवीकडे सरकविले.