'अस्सलपणा' की 'वहिवाट'?

कष्टकऱ्यांच्या वस्तीत सधन वर्ग शिरतो, घरांचे मोल चढते आणि मूळ रहिवासी हुसकले जातात. या प्रक्रियेला रूथ ग्लास यांनी १९६४ मध्ये लंडनच्या संदर्भात 'जेन्ट्रिफिकेशन' हे नाव दिले. तिच्यामागे केवळ भांडवल नसून अस्सलपणाची ओढही असते, हे शॅरन झूकिन यांनी 'नेकेड सिटी' (२०१०) या न्यूयॉर्कविषयक ग्रंथात दाखविले आहे. वस्तीचा जो रंग पाहून नवागत येतो, तोच त्याच्या येण्याने उडून जातो, हे त्यांचे विवेचन मार्मिक आहे. तथापि त्याच अस्सलपणाला नवा अर्थ देऊन त्या तो रहिवाशांच्या हक्काचा आधार करू पाहतात, तेथे मतभेद संभवतो.

'अस्सल' हा शब्द मूळ या अर्थाच्या अरबी 'अस्ल'वरून आला. परंतु व्यवहारात तो पारख करणाऱ्याचा शब्द आहे. सोने, तूप वा मालवणी जेवण अस्सल ठरवितो तो गिऱ्हाईक. मुंबईच्या गिरणगावात खाणावळीत जेवणाऱ्या कोकणी कामगाराला आपले कालवण अस्सल आहे काय, हा प्रश्न पडण्याचे कारणच नव्हते.

या शब्दाची मर्यादा गिरणगावातच स्पष्ट होते. १९८२ च्या संपानंतर एकामागून एक गिरण्या बंद पडल्या. लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या आवारात आज मॉल आहे. धुराडे मात्र राखलेले आहे. अस्सलपणाच्या कसोटीस ते उतरते, कारण ती कसोटी दिसणाऱ्या वस्तूची आहे. धुराड्याखाली राबणाऱ्यांची चौकशी ती करीत नाही. घरे विकणारे याच परिसराला 'अप्पर वरळी' म्हणू लागले. धुराडे ठेवणे आणि नाव पुसणे, दोन्ही एकाच व्यवहारात बसते.

झूकिन यांना अभिप्रेत असलेल्या हक्कासाठी मराठीत निराळा शब्द आहे: 'वहिवाट'. दीर्घ वापरातून हक्क उत्पन्न होतो, ही कल्पना त्यात आहे. हा शब्द निष्कलंक नाही. महाडच्या चवदार तळ्याच्या दाव्यात सवर्ण वादींनी पुरातन वहिवाटीचाच आधार घेतला होता. मुंबई उच्च न्यायालयाने तो १९३७ मध्ये अमान्य केला. पण याच दाव्यात त्या शब्दाचे बळही दिसते. वहिवाट पुराव्याने सिद्ध करावी लागते आणि पुराव्याने खोडताही येते. अभिरुचीच्या निवाड्यावर मात्र अपील नाही. रहिवाशाचा हक्क अशा निवाड्यावर सोपविणे म्हणजे तो पुन्हा गिऱ्हाइकाच्याच हाती देणे होय.