यापोचा दृष्टांत आणि अंत्युखियाचे मेज : वंशभेदावरील दोन बोधपटांचे परीक्षण

धर्मशिक्षणाच्या वर्गात बोधपट दाखविण्याची प्रथा आता आपल्या मंडळ्यांत बरीच रूढ झाली आहे. वंशभेद आणि पूर्वग्रह यांसारख्या विषयांवर तासभर व्याख्यान देण्यापेक्षा एखादा चांगला चित्रपट दाखवावा, म्हणजे मुलांच्या मनावर इष्ट तो संस्कार आपोआप होईल, अशी अनेक धर्मशिक्षकांची समजूत दिसते. ही समजूत कितपत ग्राह्य धरावी, याचा विचार करण्यासाठी या विषयावरील दोन प्रसिद्ध अमेरिकन बोधपट आम्ही येथे परीक्षणास घेत आहोत. पहिला ‘द आय ऑफ द स्टॉर्म’ (१९७०) आणि दुसरा त्यातूनच उद्भवलेला ‘अ क्लास डिव्हायडेड’ (१९८५). दोहोंचे निर्माते विल्यम पीटर्स. जगभरच्या शिक्षकांनी हे बोधपट वर्गात दाखविले आहेत, व आपल्याकडेही कोणी ना कोणी ते दाखविणारच.

प्रथम हकीकत थोडक्यात सांगतो. ४ एप्रिल १९६८ रोजी मेम्फिस येथे डॉ. मार्टिन ल्यूथर किंग या बाप्टिस्ट पाळकाची हत्या झाली. दुसऱ्या दिवशी आयोवा राज्यातील रायसव्हिल या लहानशा गावी तिसऱ्या इयत्तेच्या शिक्षिका जेन इलियट यांना आपल्या विद्यार्थ्यांना या घटनेचा अर्थ समजावून द्यावयाचा होता. गाव सर्वस्वी गोऱ्या ख्रिस्ती लोकांचे. मुलांना कृष्णवर्णीयांचा सहवास असा कधी घडलेलाच नव्हता. केवळ शब्दांनी काम भागणार नाही असे पाहून इलियटबाईंनी वर्गाची डोळ्यांच्या रंगावरून विभागणी केली. हा प्रयोग त्यांनी पुढील वर्षांतही केला, आणि १९७० सालच्या वर्गाचे चित्रीकरण म्हणजेच पहिला बोधपट होय.

त्यात पहिल्या दिवशी बाई जाहीर करतात की, निळ्या डोळ्यांची माणसे अधिक चांगली व अधिक हुशार असतात. त्या मुलांना खेळाच्या सुट्टीत पाच मिनिटे जास्त. तपकिरी डोळ्यांच्या मुलांनी पाण्याच्या नळाला तोंड लावावयाचे नाही, कागदी पेल्यातून प्यावयाचे. आणि दुरूनही ओळखू यावे म्हणून त्यांच्या गळ्यात कापडी पट्टी. सुट्टी संपण्यापूर्वीच एका मुलाला डोळ्यांच्या रंगावरून हिणविले जाते आणि तो चिडवणाऱ्याच्या पोटात ठोसा मारतो. दुसऱ्या दिवशी बाई नियम उलटा करतात व पट्ट्या निळ्या डोळ्यांच्या मुलांच्या गळ्यात जातात. आदल्या दिवशी ज्या वाचनपत्रिकांना तपकिरी डोळ्यांच्या गटाला साडेपाच मिनिटे लागली, त्याच आता अडीच मिनिटांत संपतात. काल उशीर का झाला, असे विचारताच मुले सांगतात की, मनात त्या पट्ट्यांचेच विचार होते. शेवटी पट्ट्या निघतात आणि मुले पुन्हा एकत्र येतात.

दुसऱ्या बोधपटात हीच मुले १९८४ साली तरुण स्त्रीपुरुष होऊन आपल्या बाईंना भेटतात आणि तो धडा आपल्याला जन्मभर पुरला असे कृतज्ञतेने सांगतात. त्याच्या उत्तरार्धात आयोवातील तुरुंग खात्याच्या प्रौढ कर्मचाऱ्यांवर हाच प्रयोग केलेला दाखविला आहे.

या बोधपटांचे सामर्थ्य मान्य केलेच पाहिजे. अपमानाने बुद्धी मंदावते आणि मंद बुद्धीचाच दाखला देऊन पुन्हा अपमान केला जातो, हे दुष्टचक्र त्या साडेपाच आणि अडीच मिनिटांत जितके स्पष्ट दिसते तितके एखाद्या ग्रंथातही क्वचितच दिसेल. शिवाय ही रीत धर्मशास्त्राला अपरिचित नाही. नाथान संदेष्ट्याने दावीद राजाला प्रथम गरिबाच्या मेंढीची गोष्ट सांगितली आणि राजाच्या तोंडून न्याय वदवून घेतल्यावरच बोट त्याच्याकडे वळविले. इलियटबाईंची योजना याच जातीची आहे.

तथापि येथे काही प्रश्न उपस्थित होतात. पहिला प्रश्न साधनशुद्धीचा. आठ वर्षांच्या बालकांना त्यांच्या विश्वासाच्या शिक्षिकेने दिवसभर असत्य सांगावे आणि काहींना सर्वांदेखत हीन ठरवावे, हे सद्हेतूने का होईना, योग्य आहे काय? स्टीफन ब्लूम या आयोवातील पत्रकार-प्राध्यापकांनी २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या प्रयोगाची कठोर चिकित्सा केली आहे. मुले आपल्या स्वाधीन केलेली असतात. त्यांच्यावर जखम करून धडा देण्याचा अधिकार धर्मशिक्षकाला आहे असे आम्हांस वाटत नाही. म्हणून आमचा पहिला अभिप्राय असा की, बोधपट दाखवावा, पण प्रयोगाची नक्कल आपल्या वर्गात करू नये.

दुसरा प्रश्न परिणामाचा. बोधपटातील कृतज्ञ उद्गार खरे असतीलच. पण ते बाईंच्या समोर व कॅमेऱ्यापुढे काढलेले आहेत, हेही विसरता येत नाही. अमेरिकेत महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर हा प्रयोग करून २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचे फलित मध्यम स्वरूपाचे आहे. भाग घेतलेल्या गोऱ्या विद्यार्थ्यांची आशियाई व लॅटिन वंशाच्या लोकांविषयीची वृत्ती बरीच सुधारली. कृष्णवर्णीयांविषयीची मात्र किंचितच. म्हणजे ज्या दुखण्यासाठी औषध शोधले, त्यावरच त्याचा गुण सर्वांत कमी.

याचे कारण, आमच्या मते, बोधपटाच्या एका गृहीतात आहे. ते गृहीत असे की, भेदभाव हा अज्ञानाचा रोग आहे. दुसऱ्याचे दुःख एकदा अनुभवास आले की तो बरा होतो. पण रायसव्हिलच्या वर्गातील पट्टी दुसऱ्या दिवशी निघाली. ज्याच्या कातडीचा रंगच पट्टी आहे, त्याची कोणत्या दिवशी निघावयाची? एका दिवसाच्या पट्टीने दुःखाची चव कळते. परंतु दुसऱ्याच्या दुःखावर आपले कोणते सुख उभे आहे, हे कळत नाही.

या ठिकाणी संत पेत्राचे उदाहरण आम्हांस फार उद्बोधक वाटते. यापो येथे घराच्या धाब्यावर त्याला जो दृष्टांत झाला (प्रे. कृ. १०), त्याला आजच्या भाषेत बोधपटच म्हणता येईल. चित्र तीनदा दाखविले गेले. पेत्र समजला, कैसरीयास कर्नेल्याच्या घरी गेला व देव पक्षपाती नाही अशी साक्ष त्याने दिली. एवढ्यावर कथा संपती, तर आम्ही निश्चिंतपणे बोधपटांवर भिस्त ठेवली असती. परंतु पुढे अंत्युखियात (गलती. २:११-१४) याकोबाकडील काही माणसे येताच हाच पेत्र परराष्ट्रीयांच्या पंक्तीतून उठला. त्याला काय माहीत नव्हते? सर्व माहीत होते. उणीव ज्ञानाची नव्हती, धैर्याची होती. आणि तो उठताच इतर यहुदी बंधू उठले, बर्णबासुद्धा ओढला गेला. पौलाने तेव्हा मंडळीपुढे परराष्ट्रीयांच्या दुःखावर व्याख्यान दिले नाही. जो पंक्तीतून उठला होता आणि ज्याला पाहून इतर उठले होते, त्या पेत्रालाच त्याने सर्वांसमक्ष दोष दिला.

या प्रकाशात बोधपट पुन्हा पाहिला असता त्यातील एक गोष्ट, जिच्याकडे प्रेक्षकांचे सहसा लक्ष जात नाही, ठळकपणे दिसू लागते. आपण मुलांच्या चेहऱ्यांकडे पाहत राहतो. परंतु हा भेद निर्माण कोणी केला? शिक्षिकेने. मुलांनी तो शोधून काढला नव्हता. अधिकाराच्या खुर्चीवरून एक वाक्य आले आणि पंधरा मिनिटांत गोड स्वभावाची मुले निष्ठुर झाली. पट्टी बांधणारे वचन खुर्चीचे आणि सोडणारेही खुर्चीचेच. म्हणजे या बोधपटाचा खरा विद्यार्थी बाकावर बसलेला नाही. तो फळ्याजवळ उभा आहे. धर्मगुरू व कॅटेकिस्ट बंधूंनो, ती जागा आपली आहे.

आपल्या देशाशी या विषयाचा संबंध काय, असे कोणी विचारील. जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ नीग्रो लोकांना दास्यातून सोडविणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी जनांना अर्पण केला, तेव्हाच हा संबंध मराठीत नोंदला गेला. वंश आणि जात एक नव्हेत. त्यांचे इतिहास भिन्न आहेत. पण त्या वर्गातील वेगळा पेला पाहून आपल्या विद्यार्थ्यांना काय आठवेल, हे आम्ही सांगावयास नको. आणि हा पेला ख्रिस्ती उंबरठ्याबाहेरच राहिला असेही म्हणवत नाही. दक्षिण भारतातील काही मंडळ्यांत निरनिराळ्या जातींची माणसे वेगवेगळी बसत व प्रभुभोजनही वेगवेगळे घेत. कलकत्त्याचे बिशप डॅनिएल विल्सन यांनी १८३३ साली हा भेद सोडण्याची स्पष्ट आज्ञा केली, तेव्हा तंजावरकडील पुष्कळांनी ती मानली नाही. यावरून हेही दिसते की, खुर्चीवरच्या एका आज्ञेने सर्व काही होत नाही. भेद बांधण्यास एक वाक्य पुरते; सोडण्यास पिढ्या लागतात. परंतु खुर्चीच गप्प राहिली, तर सोडण्याचा आरंभही होत नाही.

म्हणून आमची सूचना अशी आहे. हा बोधपट मुलांना दाखविण्यापूर्वी धर्मगुरू, कॅटेकिस्ट आणि मंडळीच्या पंचांनी एकत्र बसून पाहावा, आणि तो संपल्यावर आयोवाची चर्चा न करता आपल्याच मंडळीविषयी काही साधे प्रश्न स्वतःस विचारावेत. आपण कोणत्या घरी भेट देतो तेव्हा चहा घेतो आणि कोणत्या घरी प्रार्थना करून दारातूनच परततो? सणाच्या नाटकात देवदूताचे काम कोणत्या रंगाच्या मुलीला मिळते? सोयरिकीच्या बोलण्यात ‘मुलगी गोरी आहे’ हे शब्द आपल्याच तोंडून किती वेळा निघाले? शिक्षणासाठी आलेला आफ्रिकन विद्यार्थी उपासनेला येतो, तेव्हा त्याच्या शेजारची जागा कोण घेतो? या प्रश्नांची उत्तरे मुलांना आधीच पाठ असतात, कारण ती आपल्याला रोज पाहत असतात. त्यांना पडद्यावरचे अर्ध्या तासाचे चित्र आपण दाखवू. पण वर्षभर चालू असलेला दुसरा बोधपट म्हणजे आपले वागणे.

सारांश, हे दोन्ही बोधपट संग्राह्य आहेत. पहिला आटोपशीर म्हणून वर्गाला आणि दुसरा त्यातील प्रौढांच्या प्रसंगामुळे शिक्षकांच्या शिबिराला अधिक उपयुक्त आहे. मात्र ते दाखविल्याने आपले कर्तव्य संपले असे कोणी मानू नये. यापोचा दृष्टांत देवाचे दान होते, पण अंत्युखियातील मेज त्यानंतरही शिल्लकच होते. ते आपल्याही पुढे मांडलेले आहे, आणि आपण कोणाशेजारी बसतो हे मुले पाहत आहेत.