सुरतेच्या अध्यक्ष-निवडणुकीचीं दोन निवेदनें

सन १९०७ च्या डिसेंबरांत सुरत येथें राष्ट्रीय सभेचें अधिवेशन मोडलें. तो प्रसंग बहुतेक लेखकांनीं एका जोड्यापुरता वर्णिला आहे. वस्तुतः वादाचें मूळ अध्यक्ष कोणीं निवडावयाचा या प्रश्नांत होतें. त्याच्या निर्णयास मवाळ व जहाल अशा दोन्ही पक्षांचीं निवेदनें उपलब्ध असून तीं शेजारीं ठेवून वाचणें अवश्य आहे.

प्रथम निर्विवाद भाग पाहूं. अधिवेशन मूळ नागपुरास व्हावयाचें. तेथें तंटा माजल्यामुळें तें सुरतेस नेलें व स्वागतमंडळानें डॉ. रासबिहारी घोष यांची निवड केली. ता. २६ रोजीं अंबालाल साकरलाल देसाई यांनीं घोषांचें नांव सुचविलें. सुरेंद्रनाथ बॅनर्जी अनुमोदनास उठतांच गलबला होऊन सभा तहकूब झाली. ता. २७ रोजीं टिळकांनीं स्वागताध्यक्ष त्रिभुवनदास मालवी यांजकडे चिठ्ठी पाठविली. अनुमोदनानंतर आपणांस बोलावयाचें असून तहकुबीची सूचना मांडावयाची आहे, असा तिचा आशय होता.

ही चिठ्ठी दोन्ही पक्षांस मान्य आहे. प्रतिपक्षानेंच कबूल केलेली गोष्ट हा इतिहासांत सर्वांत बळकट पुरावा होय. मतभेद पुढें आहे. मवाळांच्या मतें ती सूचना नियमबाह्य होती आणि घोष स्थानापन्न होतांच निवडणूक संपली. जहालांच्या मतें प्रतिनिधींचें मत रीतसर घेतलेंच नाहीं. म्हणून निवडणूक झालीच नाहीं.

यांत खरें कोणाचें? १८८५ पासून अध्यक्षाची सूचना टाळ्यांच्या गजरांत मान्य होण्याची वहिवाट होती, हें मालवींच्या बाजूनें कबूल केलें पाहिजे. परंतु वहिवाट म्हणजे नियम नव्हे. सूचना मांडून तिला अनुमोदन घ्यावयाचें, आणि बोलूं इच्छिणाऱ्या प्रतिनिधीस मात्र वाव द्यावयाचा नाहीं, हें विसंगत आहे. १९०८ च्या एप्रिलांत अलाहाबादेस मवाळांनीं जी घटना केली तींत, अध्यक्षाची निवडणूक अधिवेशनांत व्हावयाची नाहीं, पूर्वीं निवडलेल्या गृहस्थास आसनस्थ होण्याची विनंति तेवढी करावयाची, असें स्पष्ट घातलें. जी गोष्ट आधींच निर्विवाद असते ती इतक्या काळजीनें लिहावी लागत नाहीं. हें कलम पूर्वींच्या वहिवाटीचा केवळ खुलासा होतें, असें कोणी म्हणेल. पण खुलाशाची गरज भासली, एवढ्यानेंच प्रश्न संदिग्ध होता हें सिद्ध होतें.

तात्पर्य, टिळक व्यासपीठावर चढले ते एका संदिग्ध हक्काच्या आधारें, केवळ दांडगाईनें नव्हे. आणि मालवींनीं त्यांस अडविलें तेंही केवळ कपटानें नव्हे. दोन्ही निवेदनें पक्षकारांचीं आहेत. त्यांपैकीं एकच प्रमाण मानणारा लेखक इतिहास लिहीत नसून वकिली करीत असतो. जुन्या दप्तरांचा संग्रह करणाऱ्यांनीं त्या काळच्या सभांचीं हस्तपत्रकें, सूचनापत्रें व चिठ्ठ्या क्षुद्र म्हणून टाकूं नयेत. जोड्याची कथा आपोआप टिकते. चिठ्ठी मात्र जपावी लागते.