ज्वलनाचे प्रत्याभरण-नियंत्रण आणि पीयूसी तपासणी : एक चिकित्सा

प्रस्तावना :
दिवा व डोंबिवली या स्थानकांदरम्यान कोपर वसले आहे. येथील उड्डाणपुलावरून पूर्व-पश्चिम डोंबिवलीतील रिक्षा, दुचाक्या व मोटारी थांबत-सरकत जातात. १ एप्रिल २०२० पासून देशात 'भारत स्टेज ६' मानके लागू झाली आणि नव्या दुचाक्यांतही कार्ब्युरेटरची जागा इलेक्ट्रॉनिक इंधन-अंतःक्षेपणाने घेतली. त्यामुळे वाहनधुराचा प्रश्न तंत्रज्ञानानेच सोडविला, असा समज रूढ होत आहे. तो तपासून पाहणे आवश्यक ठरते.

नियंत्रणाचे स्वरूप :
एक किलो पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनास सुमारे १४.७ किलो हवा लागते. निष्कास नळीतील संवेदक उरलेल्या ऑक्सिजनचा अंदाज देतो व त्यानुसार नियंत्रक इंधन कमी-अधिक करतो. मापन, तुलना व दुरुस्ती यांचे हे अखंड चक्र म्हणजे प्रत्याभरण. व्होल्वोने १९७६ मध्ये ते मोटारीत आणले. त्रिमार्गी उत्प्रेरक परिवर्तक कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोकार्बन व नायट्रोजन ऑक्साइड या तिन्हींचे निराकरण याच गुणोत्तराच्या अगदी जवळ करू शकतो. म्हणजे संवेदक मंदावला की परिवर्तक शाबूत असूनही निष्प्रभ ठरतो. शिवाय संवेदक पुरेसा तापेपर्यंत इंजिन पूर्वनिश्चित तक्त्यावरच चालते.

डिझेल इंजिनात हवा मुबलक असल्याने हा परिवर्तक नायट्रोजन ऑक्साइडपुरता निरुपयोगी ठरतो. कार्यक्षमतेसाठी ज्वलनाचे तापमान वाढविले, तर हाच घटक वाढतो. म्हणूनच डिझेल मोटारींसाठी त्याची मर्यादा किलोमीटरमागे २५० मिलिग्रॅमवरून ८० वर आणताना स्वतंत्र शुद्धीकरण यंत्रणेची गरज भासली.

तपासणीतील उणीव :
पीयूसी केंद्रात वाहन उभे असते, इंजिनावर भार नसतो. पेट्रोल वाहनाचे कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बन, तर डिझेल वाहनाच्या धुराची घनता मोजली जाते. नायट्रोजन ऑक्साइड मोजलेच जात नाही. ही पद्धत स्वस्त व सुलभ असून ढोबळ दोष पकडते, हे मान्य केले पाहिजे. परंतु पुलाचा चढ चढताना होणारे ज्वलन तिच्या कक्षेबाहेर राहते. चाचणीतील व रस्त्यावरील वर्तन किती भिन्न असू शकते, हे २०१५ मधील फोक्सवॅगन प्रकरणाने जगापुढे आणले. एप्रिल २०२३ पासून मोटारींसाठी प्रत्यक्ष रस्त्यावरील उत्सर्जन-चाचणी व प्रगत स्वयंनिदान प्रणाली आली, हे स्वागतार्हच होय. तथापि रस्त्यावरील ती चाचणी वापरातील प्रत्येक वाहनाची होत नाही.

निष्कर्ष :
इंजिनातील प्रत्याभरणाचे चक्र पूर्ण झाले. समाजाचे चक्र मात्र अपुरे आहे. चुकीचे मापन हाती असता उत्तम नियंत्रकही चुकीचीच दुरुस्ती करतो, हे तत्त्व धोरणासही लागू पडते. वाहनातील स्वयंनिदानाची नोंद वाचणे व निवडक वाहनांचे भाराखालील नायट्रोजन ऑक्साइड मोजणे, या दोन गोष्टी वार्षिक तपासणीत समाविष्ट झाल्यास हे चक्र पूर्णत्वाकडे जाईल. तोपर्यंत प्रमाणपत्र म्हणजे उभ्या वाहनाची ग्वाही; धावत्या वाहनाची नव्हे.